घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर न्यावा का? कोकणातून सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दापोली, गुहागर, चिपळूण या पट्ट्यात मी घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. ऑक्टोबर २०२५ पासून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर हाच विषय फिरून फिरून येतोय. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. तुमच्या कामाचं तेवढंच वाचलंत तरी चालेल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. विंडोज १० बंद झालं म्हणजे नक्की काय झालं? माझा कॉम्प्युटर तर मस्त सुरू आहे.

सुरू आहे आणि सुरूच राहील. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, एवढंच झालं. पण ते 'एवढंच' किती महत्त्वाचं, ते समजून घ्या. कुठल्याही विंडोजमध्ये दर महिन्याला नवी भोकं सापडतात आणि अपडेटमधून ती बुजवली जातात. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा सारखा आहे. त्यामुळे ११ मधलं भोक बुजवलं की तेच भोक १० मध्ये कुठे उघडं आहे, हे चोरालाही कळतं. गडग्याचे चिरे निखळत जावेत आणि कोणी परत लावू नयेत, तसं हे आहे. पहिल्या महिन्यात फरक जाणवत नाही, पण दोन वर्षांनी गुरं आत येतात.

विंडोजमधला डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत नव्या व्हायरसांची माहिती घेत राहणार आहे. ते चांगलंच आहे, पण डिफेंडर हा राखणदार आहे. निखळलेले चिरे तो बसवत नाही.

२. माझ्याकडे कुठलं विंडोज आहे ते कसं बघायचं?

स्टार्टच्या शोधपट्टीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. छोट्या खिडकीत विंडोजचं नाव आणि आवृत्ती दिसेल. त्याबरोबर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि मशीन ३२ बिट की ६४ बिट एवढं कागदावर लिहून घ्या. मला फोन करण्याआधी हा कागद हातात असला तर दहा मिनिटांचं बोलणं दोन मिनिटांत होतं.

३. घरी आम्ही फक्त फोटो, गाणी आणि मुलांचा अभ्यास बघतो. तरी बदलावं का?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मशीन किती जुनं यापेक्षा त्यावर काय चालतं, हे मी आधी विचारतो.

ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं खातं उघडतं, आयकर किंवा जीएसटी भरला जातो, होमस्टेची बुकिंगं आणि पाहुण्यांची आधार कार्डं येतात, आंबा-काजूच्या व्यवहाराचे हिशेब ईमेलने जातात, त्यावर अपडेट नसलेलं विंडोज ठेवू नये. इथे माझं मत ठाम आहे. एका बागायतदाराच्या मशीनवर ऐन सीझनमध्ये सगळ्या फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस शिरला. तीन वर्षांची गिऱ्हाइकांची यादी गेली, ती परत आली नाही.

जे मशीन इंटरनेटला जोडतच नाही, त्याला घाई नाही. भजनी मंडळाची रेकॉर्डिंग ऐकायला ठेवलेला डेस्कटॉप किंवा फक्त बिलं छापणारा दुकानातला कॉम्प्युटर चालतोय तसा चालू द्या. मात्र त्याला येणारा पेनड्राईव्ह कुठून कुठून फिरून आलाय, याकडे लक्ष ठेवा.

मधली घरं बरीच आहेत. मुलं अभ्यास करतात, आणि त्याच मशीनवर बाबा कधीमधी वीजबिल भरतात. तिथे मशीन विंडोज ११ च्या अटींत (प्रश्न ४) बसत असेल तर बदला. बसत नसेल तर पैशाचे व्यवहार मोबाईलवर हलवा आणि प्रश्न ८ व १४ वाचा.

४. आमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेईल का?

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं मोफत साधन आहे. ते चालवा, ते हो किंवा नाही सांगेल आणि 'नाही'चं कारणही दाखवेल. ढोबळमानाने अटी अशा: ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, सिक्युअर बूट (सुरू होताना खोट्या प्रोग्रॅमला अडवणारी सोय) जमणारं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप.

बहुतेक घरं प्रोसेसरवर अडतात. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पिढी नावातच असते. आय५-७२०० यू म्हणजे सातवी पिढी, ती बसत नाही. आय५-८२५० यू म्हणजे आठवी, ती बसते. आय३-१०११० यू म्हणजे दहावी. एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे, पण त्या मालिकेतले सगळे यादीत नाहीत, म्हणून तिथे नावावरून अंदाज न बांधता साधन चालवूनच बघा.

४ जीबी रॅम ही कागदावरची अट आहे. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होतं, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की दमतं. माझ्या हिशेबाने ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) नसेल तर आधी ते बसवा, मग विंडोजचं बघा. फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज ११ टाकून 'कॉम्प्युटर स्लो झाला' म्हणणारे फोन मला आठवड्याला येतात. तोच कॉम्प्युटर एसएसडीवर नेला की मिनिटभरात उघडतो.

५. टीपीएम नाही असं दाखवतंय. नवीन चिप विकत घेऊ का?

थांबा. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर टीपीएम असूनही बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, ती इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने सापडते. चालू केली की काम झालं. प्रोसेसर यादीत बसत असेल तर वेगळी चिप घ्यायची वेळ क्वचितच येते.

सिक्युअर बूटचं कोडं जरा अवघड. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्कची मांडणी आधी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागते. ती न बदलता कोणी नुसतं बायोसमध्ये यूईएफआय निवडलं, तर मशीन सुरूच होत नाही आणि घरात घाबराट होते. निवड परत लेगसी केली की सगळं पूर्ववत दिसतं. हे काम स्वतः पहिल्यांदा करत असाल तर बॅकअप झाल्याशिवाय हात लावू नका.

६. विंडोज बदलल्यार माझे सगळे फोटो जातले काय?

सावंतवाडीकडून आलेला हा प्रश्न जसा आला तसाच ठेवलाय. नाही, जाणार नाहीत. विंडोज १० चालू असताना त्याच्या आतूनच ११ वर गेलात आणि 'वैयक्तिक फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडलात, तर फोटो, हिशेब, प्रोग्रॅम सगळं जागेवर राहतं.

जातात ते दोन वाटांनी. एक, कोणीतरी पेनड्राईव्हवरून मशीन सुरू करून डिस्क फॉरमॅट करतं. दुसरी वाट म्हणजे आधीच आजारी असलेली हार्डडिस्क. एवढं मोठं काम तिला झेपत नाही आणि ती मध्येच मान टाकते. आपल्याकडची खारी, दमट हवा डिस्क आणि रॅमचे सांधे लवकर खाते, त्यामुळे ही दुसरी वाट इथे जास्त दिसते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत साधन डिस्कची तब्येत सांगतं. तिथे पिवळं किंवा लाल दिसलं तर अपग्रेड विसरा, आधी डेटा बाहेर काढा.

आणि तब्येत कितीही छान दिसली तरी बॅकअप घ्याच. एक्स्टर्नल डिस्कवर एक प्रत, आणि लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन अशा परत न मिळणाऱ्या गोष्टींची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी.

७. हे फुकट आहे ना? मग दुकानदार पैसे का मागतो?

खरं, सक्रिय विंडोज १० असेल तर ११ मोफत आहे. दुकानदार मागतो ते त्याच्या वेळेचे, बॅकअपचे आणि डाउनलोडचे पैसे, आणि ते रास्त आहेत. 'नवीन विंडोजची किंमत' म्हणून कोणी वेगळे पैसे लावले तर मात्र पावतीवर लायसन्सची नोंद मागा.

मशीन असेंबल करताना क्रॅक केलेलं विंडोज टाकलेलं असेल तर अपग्रेड केल्याने ते खरं होत नाही. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून मोफत पुढे जायची सोयही मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली.

८. विंडोज १० ला एक वर्ष जास्त मिळतं असं ऐकलं. ते काय?

घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटांची योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तुमचं विंडोज १० शेवटच्या म्हणजे २२एच२ आवृत्तीवर हवं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवल्या तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर, स्थानिक चलनात. एका खात्यावर दहा मशीनं बसतात. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो.

ही सवड आहे, उपाय नाही. मशीन बसत असेल तर या वर्षासाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. बसत नसेल तर नव्या मशीनसाठी पैसे जमवायला ती उपयोगी पडते. यात फक्त सुरक्षा अपडेट येतात, नवीन सोयी नाहीत.

९. आमच्याकडे रोज दीड जीबीचा पॅक आहे आणि रेंज अंगणात येते. एवढं डाउनलोड होणार कसं?

पूर्ण फाइल पाच जीबीच्या वर आहे, त्यामुळे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हा नाद करू नका. ज्याच्याकडे फायबर आहे अशा शेजाऱ्याकडे, तालुक्याच्या गावी किंवा मुंबईच्या भावाकडे ८ जीबीचा रिकामा पेनड्राईव्ह द्या आणि मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल'ने त्यावर विंडोज ११ घ्या. पेनड्राईव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं.

आता मुख्य गोष्ट. पेनड्राईव्ह घरी आला की मशीन त्यावरून सुरू करायचं नाही. विंडोज १० नेहमीसारखं उघडायचं, पेनड्राईव्ह लावायचा आणि त्यातली 'सेटअप' नावाची फाइल उघडायची. अपडेट आत्ता डाउनलोड करू का, असा पर्याय येतो, तिथे आत्ता नको म्हणा. म्हणजे पॅक वाचतो आणि फाइल्सही राहतात. काम झाल्यावर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, नाहीतर मागून येणारी अपडेट सकाळी दहाच्या आत दिवसभराचा डेटा संपवतात.

१०. मध्येच लाईट गेली तर?

लॅपटॉप असेल आणि बॅटरी खरंच दोन तास टिकत असेल तर चिंता नाही. डेस्कटॉपला यूपीएस किंवा इन्व्हर्टरची जोड हवीच. ऐन अपग्रेडमध्ये लाईट गेली तर विंडोज बहुतेक वेळा मागे फिरून जुन्या जागी येतं. पण 'बहुतेक वेळा'वर घरचे फोटो टांगू नयेत. बायोस अपडेट करताना लाईट गेली तर मात्र मदरबोर्ड कायमचा बसू शकतो. ते काम मी पावसाळ्यात करतच नाही.

जून ते सप्टेंबर मी तातडीचं नसेल तर अपग्रेड टाळायला सांगतो. विजा, तारांवर पडणाऱ्या फांद्या, दमटपणा, सगळं एकदम असतं. नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावरचा काळ चांगला. होमस्टेवाल्यांनी दिवाळीच्या गर्दीआधी उरकावं. आंबेवाल्यांनी पेट्या भरायला लागल्यावर या वाटेला जाऊच नये. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन्ही वादळांनंतर इथे कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती, म्हणून वाऱ्याचा इशारा असेल त्या आठवड्यात तर मुळीच नको.

११. मराठी फॉन्टचं काय होईल? आमच्या सगळ्या पत्रिका श्रीलिपीत आणि कृतिदेवमध्ये आहेत.

आतून अपग्रेड केलंत तर बसवलेले फॉन्ट सहसा राहतात. पण श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दाखवणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टची खरी अडचण फॉरमॅट केल्यावर कळते. फॉन्टची फाइल गेली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर गेलेला नसतो, पण तो वाचायचा चष्मा गेलेला असतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवा. कुलूप म्हणून यूएसबी डोंगल लागणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) विंडोज ११ साठी मिळतो का, ते विक्रेत्याला आधी विचारा.

'मंगल' फॉन्ट गायब झाला, अशीही तक्रार येते. तो गायब होत नाही. विंडोज १० पासून तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या जोडसंचात आहे आणि सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून मोफत मिळतो. नेहमीचा देवनागरी फॉन्ट आता 'निर्मला' आहे. मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. नवीन मजकूर तरी युनिकोडमध्येच लिहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. देवस्थानांच्या जुन्या इतिवृत्तांच्या फाइल्स फॉन्टअभावी पडून राहिलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं.

१२. प्रिंटर, टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन चालेल ना?

टॅलीची नवी आवृत्ती चालते. जुनी असेल तर आधी डेटा फोल्डरची प्रत घ्या. प्रिंटरचं उत्तर ड्रायव्हरवर आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, म्हणून फक्त ३२ बिट ड्रायव्हर असलेला जुना प्रिंटर चालणार नाही. आज ६४ बिट विंडोज १० वर जो प्रिंटर चालतोय तो बहुधा पुढेही चालतो. सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कधीकधी नव्याने टाकावा लागतो, त्याचा पासवर्ड शोधून ठेवा. जीएसटी भरणाऱ्यांनी महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर हे काम काढू नये.

ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही विंडोज १० च्याच दिवशी संपला. ती ११ वर उघडतात, पण त्यांचीही भोकं आता बुजत नाहीत.

१३. केलं आणि नाही आवडलं, तर परत फिरता येतं का?

दहा दिवसांत येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' दिसतं. त्या दहा दिवसांत डिस्क साफ करायच्या नादात 'विंडोज.ओल्ड' फोल्डर पुसलात तर ती वाट बंद. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच प्रिंटर, टॅली, टोकन, स्कॅनर सगळं एकदा चालवून बघा.

१४. मशीन बसत नाही. यूट्यूबवर अट चुकवून टाकायची युक्ती दाखवतात, करू का?

तांत्रिकदृष्ट्या होतं. दुसऱ्याच्या घरी मी करत नाही, कारण अशा मशीनला पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ होमच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिनेच अपडेट मिळतात. त्यानंतरची आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही, दरवेळी तीच खटपट करावी लागते. खूप जुन्या प्रोसेसरवर, उदाहरणार्थ कोअर २ ड्युओवर, २४एच२ (२०२४ ची) आणि त्यापुढची आवृत्ती सुरूच होत नाही. तिथे युक्तीही चालत नाही.

त्याऐवजी लिनक्स मिंट बघा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. मोफत आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालतं, आणि पेनड्राईव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं. ब्राउझर, यूट्यूब, मराठी टायपिंग आणि लिब्रेऑफिस (ऑफिससारखा मोफत प्रोग्रॅम) यांत काम भागत असेल तर पाचव्या-सहाव्या पिढीच्या लॅपटॉपला आणखी काही वर्षं मिळतात. टॅली किंवा सहीचं टोकन रोज लागत असेल तर मात्र लिनक्सकडे वळू नका.

१५. आमच्याकडे अजून विंडोज ७ आहे.

त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमनेही फेब्रुवारी २०२३ पासून त्यासाठी नवी आवृत्ती काढलेली नाही. या मशीनवर बँक उघडू नका, आजपासून. बाकी उत्तर प्रश्न १४ मध्ये आहे.

१६. चाकरमानी पुतण्याने कंपनीचा जुना लॅपटॉप गणपतीत आणून दिला. त्यावर टाकू का?

आधी पुतण्याला विचारा की कंपनीने तो लॅपटॉप आपल्या नोंदीतून काढलाय का. काढला नसेल तर नवीन विंडोज टाकून इंटरनेटला जोडताच तो कंपनीचाच लॉगिन मागतो आणि पुढे जात नाही. बायोसला पासवर्ड असू शकतो, तोही आधीच विचारून घ्या. हे दोन प्रश्न सुटले तर असे लॅपटॉप सहसा चांगले असतात, कारण त्यांत टीपीएम असते आणि बांधणी मजबूत असते.

१७. अपग्रेडनंतर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय. आमच्याकडे अशी की नाहीच!

आहे, पण तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. २४एच२ पासूनचं विंडोज ११ कोरं टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. पुढे बायोस बदलला किंवा मदरबोर्ड दुरुस्त झाला की ती मागितली जाते. दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यात लॉगिन करा, रिकव्हरी कीच्या पानावर ती दिसेल. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडलं असेल तर किल्ली त्याच्याकडे आहे. म्हणून खातं नेहमी घरच्याच माणसाच्या नावाने काढा.

कुलूप वाईट नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर तेच तुमचे कागद वाचवतं. पण आपल्याकडे पूर येतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं. त्यानंतर मदरबोर्ड मेलेले कितीतरी लॅपटॉप मी उघडले आणि त्यांच्या वाचलेल्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावून घरच्यांना फोटो परत दिले. तेव्हा त्या डिस्कना कुलूप नव्हतं म्हणून ते जमलं. आज तशीच डिस्क किल्लीशिवाय माझ्यासमोर आली तर मला त्यातला एकही फोटो काढता येणार नाही. तेव्हा ते ४८ अंक आजच कागदावर उतरवून घ्या, दोनदा तपासा, आणि सातबारा व रेशनकार्ड ज्या प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवता, त्याच पिशवीत ठेवा.